सांतेवच्या दांडीवरची सुपुर्दगी

कुर्ली खाडीच्या मुखावर पहाट फुटू लागली तेव्हा उत्तरेच्या कड्यावरचा मेढेकोट धुक्यातून हळूहळू वर येत होता. आधी बुरुजांचे माथे, मग तट, आणि अगदी शेवटी समुद्राकडे तोंड करून उभे असलेले महाद्वार. त्याच्या निशाणकाठीवर तीन वर्षे हबशाचे निशाण फडकत आले होते. आता तेथे पुन्हा भगवा झेंडा चढला होता, आणि दक्षिण तीरावरच्या फिरंग्यांच्या कोटातून तो पाहणाऱ्या दोन माणसांना हात जोडावेत की तोंड लपवावे हे उमगत नव्हते.

त्या कोटाला फिरंगी आपल्या एका संताचे लांबलचक नाव लावीत. मुलखातले लोक त्याला नुसते सांतेव म्हणत. चार बुरुजांचा ठेंगणा तट, मधोमध चुन्याने पांढरे केलेले त्यांचे देऊळ, म्हणजे इगर्जी, मिठाची कोठारे आणि धक्क्याला लागून शे-दोनशे घरे, एवढाच त्याचा पसारा. झेंड्याकडे पाहणाऱ्या दोघांपैकी एक होता आंबवली महालाचा वतनदार रुद्राजी देसाई, आणि दुसरी त्याच महालात निम्म्या जन्मांना हात लावलेली गोमाई सुईण. दोघेही आपल्याच सरकारच्या भयाने खाडी ओलांडून फिरंग्याच्या आसऱ्याला आली होती.

हे असे का झाले ते सांगण्यासाठी तीन वर्षे मागे जावे लागेल. हबशाच्या आरमाराने तेव्हा मेढेकोटाला वेढा घातला होता, आणि तोफांना दाद न देणारा तो किल्ला एका दिवेलागणीला आतून उघडला गेला. चोरदिंडी कोणी उघडली हे कधी बाहेर आले नाही. किल्लेदार दारातच पडला. शिबंदीवरचा त्याचा दुय्यम, जानराव सुरवटे, तेवढा तटावरून दोर सोडून निसटला, सरसुभेदारांच्या छावणीत जाऊन मिळाला, आणि किल्ला परत घेणाऱ्या फौजेच्या बिनीला राहून सर्वांआधी आत शिरला. सरकारने त्याला शिरपाव दिला, मेढेकोटची हवालदारी दिली. गादीवर बसताच त्याने महालभर दवंडी पिटवली, की हबशाच्या अमलात ज्यांनी हबशाची चाकरी केली त्यांनी हजर होऊन जाब द्यावा.

आता तीन वर्षांच्या अमलात हबशाची चाकरी न करता जगलेला माणूस त्या महालात शोधून सापडला नसता. कोळ्यांनी त्याला मासळी पुरवली होती, कुंभारांनी रांजण घडून दिले होते, आणि रुद्राजी देसायाने गावोगाव हिंडून त्याचा वसूल गोळा केला होता. कारण वसूल चुकला त्या गावची माणसे गलबतात घालून गुलाम म्हणून विकली जात, आणि हे त्याने एकदा डोळ्यांनी पाहिले होते. त्याच काळात फिरंग्यांचा एक मचवा वादळात फुटला, तेव्हा देसायाने त्यातल्या खलाशांना आपल्या गवताच्या उडवीत दडवून सुखरूप सांतेवला पोचते केले. त्यांत कोटाचा कप्तान दों जुवांव याचा पुतण्या होता. म्हणूनच दवंडीनंतर देसाई गोमाईला घेऊन सांतेवच्या धक्क्याला लागला, तेव्हा कप्तानाने इगर्जीत क्रुसावर हात ठेवून त्या दोघांना अभय दिले. त्याच्या तोंडचे ते शब्द मराठीत सांगितले कोटाचा दुभाषी दुल्बा शेणवी याने. दुल्बाचा बापही फिरंग्यांचा दुभाषीच होता. दोन भाषांच्या मध्ये उभे राहून स्वतः काही न बोलणे हाच त्या घराण्याचा धर्म होता.

अभयाला महिना उलटतो न उलटतो तोच मेढेकोटचा वकील हरबाजीपंत सांतेवला आला. पंत वृद्ध, नेमस्त आणि शब्दाला जपणारा म्हणून दोन्ही तीरांवर ओळखला जाई. कप्तानाच्या दिवाणखान्यात विडा झाला, कुशल विचारून झाले, आणि मग उपरणे सावरीत पंत बोलू लागला.

"हवालदार जानराव सुरवटे यांचा कप्तानसाहेबांस निरोप आहे. उभय दौलतींत तह आहे, स्नेह आहे. स्नेह्याच्या घरी आमचे फितुरी सुखाने राहावेत हे स्नेहाला शोभत नाही. रुद्राजी देसाई आणि गोमाई सुईण, ही दोन माणसे आमच्या हवाली करावीत. ती झाली म्हणजे वरच्या चौकीने अडवलेले भाताचे पडाव त्याच दिवशी खाडी उतरतील."

दुल्बाने ते फिरंगी भाषेत सांगितले. कप्तानाने खिडकीबाहेर पाहिले. सांतेवची सारी रसद पडावांतून, म्हणजे शिडाच्या मोठ्या होड्यांतून, खाडीच्या वरल्या अंगाने येई, आणि ती खाडी आता जानरावाच्या चौकीखाली होती. गोव्याहून यायचे जहाज आले नव्हते. कोटातले लोक कणगराचे कंद उकडून खात होते, आणि इगर्जीच्या पायऱ्यांवर पोरे निपचित पडलेली दिसत.

"देसाई वसुलाचा माणूस. त्याला मागता हे मी समजू शकतो," कप्तान म्हणाला. "सुईण कशाला हवी?"

पंत क्षणभर अडखळला. "तिने हबशाच्या जनानखान्यात चाकरी केली. खरे सांगायचे तर मलाही याचे नवल वाटले. पण हवालदारांनी देसायाबद्दल एकदा सांगितले आणि तिच्याबद्दल दोनदा. वाटेत तिने कोणाशी बोलू नये, अशीही ताकीद आहे."

दुल्बाने हेही शब्दशः पोचवले. कप्तानाने विचाराला सवड मागितली. परंतु दुल्बाच्या मनात मात्र ते शेवटचे वाक्य रुतून बसले.

दुपारी तो इगर्जीमागच्या मिठाच्या कोठारात गेला. दोघांना तेथेच जागा दिलेली होती. देसाई पोत्याला टेकून बसला होता. गोमाई सुपात कणगर सोलीत होती. दुल्बाने पंताचा निरोप काही न लपवता सांगितला आणि विचारले, "गोमाई, जानरावाला तुझ्याकडून काय हवं आहे?"

गोमाईने देसायाकडे पाहिले. देसायाने होकाराची मान हलवली. तेव्हा तिने सूप बाजूला ठेवले.

"किल्ला पडला त्या सांजेला किल्लेदाराची सून अडली होती, शेणवीबाबा. मीच होते तिच्यापाशी. मुलगा झाला. मग वार पुरायला म्हणून मी खुरपं घेऊन तटाखाली गेले, चोरदिंडीपाशी, कारण तिथली माती मऊ. जानराव आला. कमरेची किल्ली काढली, दिंडी उघडली आणि बाजूला झाला. बाहेर हबशी ओळीनं उभे होते. त्यानं एकेकाला आत घेतलं, जसं लग्नघरी पाहुण्याला घेतात."

"आणि तू?"

"मी तिथंच बसले मातीत. ओरडायला हवं होतं. पण तोंडातून आवाज निघाला नाही. किल्लेदार मेला, सून मेली. मूल तेवढं मी पदराखाली घालून बाहेर काढलं. पुढं तेही गेलं." तिने सूप पुन्हा पुढ्यात ओढले. "जाता जाता जानरावानं मला बघितलं होतं. तेव्हा त्याला वेळ नव्हता."

दुल्बा दाराकडे वळला. मग म्हणाला, "हे कप्तानाच्या कानावर घालतो. तो तुम्हाला सोडणार नाही."

"घालू नका," देसाई पहिल्यांदाच बोलला. "शेणवी, कप्तान माणूस वाईट नाही. पण त्याचा कोट उपाशी आहे. हे गुपित त्याच्या हाती गेलं तर तो ते जानरावालाच देऊन वर्षाचा भात मागेल, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. मी केलंच आहे."

"म्हणजे?"

"हबशाची दोन गलबतं कोणीतरी जाळली होती. हबशानं कोळवाड्यातल्या बायका धक्क्यावर उभ्या केल्या आणि मला म्हणाला, नावं सांग, नाहीतर या सगळ्या जहाजावर चढतील. मी नावं सांगितली. दामा आणि पांग्या. दोघांचीही लग्नं मीच लावून दिली होती." देसायाचा आवाज कोरडा होता. "तेव्हा मी निर्दोष आहे असं मी कोणाला सांगत नाही. मला जाब द्यायचा आहे. पण तो सरसुभेदारांच्या समोर, चारचौघांत. ज्यानं दार उघडलं त्याच्यासमोर नाही."

यातून दुल्बाला वाट सुचली. सुपुर्दगी टळणार नसेल तर ती निदान जानरावाच्या हाती न होता दोन मजलांवर असलेल्या सरसुभेदारांच्या ठाण्यात व्हावी. तेथे गोमाईने तोंड उघडावे. संध्याकाळी त्याने कप्तानाला, जणू सहज सुचल्याप्रमाणे, ही अट घालण्याचे सुचवले. दिलेले अभय मोडण्याच्या शरमेने खंतावलेल्या कप्तानाला ती अट म्हणजे मोठाच आधार वाटला.

दुसऱ्या दिवशी हरबाजीपंताने अट ऐकली, आणि त्याच्याही चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याने बेलभंडार मागवला, तो उचलून कपाळाला लावला आणि म्हणाला, "दोघांना मी माझ्या सोबतीने परभारे सरसुभेदारांच्या चरणी पोचवीन. मध्ये मेढेकोटची पायरीसुद्धा चढणार नाही. हा माझा, हरबाजी वकिलाचा, शब्द."

तो खोटे बोलत नव्हता. दुल्बाने आयुष्यभर माणसांचे आवाज तोलले होते. खऱ्या शब्दाचा नाद त्याला कळत असे. त्याने कोठारात जाऊन गोमाईला सांगितले, "चल, भिऊ नकोस. पंतांचा शब्द आहे." ती उठली. लुगडे नीट नेसून आली.

खाडीच्या मध्यावर ओहोटीला वाळूची एक लांब दांडी उघडी पडे. तहाप्रमाणे तीच उभय दौलतींची हद्द होती. सुपुर्दगी सकाळी तेथेच ठरली. कप्तान तटावर उभा राहिला. दोघे बंदी मोकळ्या हातांनी, चार फिरंगी शिपायांच्या पहाऱ्यात दांडीवर आले, आणि त्यांच्यापुढे दुल्बा चालला. कारण हवाली केल्याचे शब्द दोन्ही भाषांत उच्चारल्याशिवाय सुपुर्दगी पुरी होत नसे. ते शब्द झाले म्हणजे त्याने हात वर करायचा, तटावर ताशा वाजायचा, आणि तो ऐकून वरच्या वळणावर थांबलेले भाताचे पडाव सुटायचे, असा करार होता.

दांडीच्या पलीकडच्या टोकाला पंताची पालखी दिसली. परंतु पालखीच्या पुढे, घोट्याभर पाण्यात, एक उंच काळा घोडा उभा होता आणि त्याच्यावर जानराव सुरवटे होता. मागे शिबंदीचे तीस-चाळीस हेटकरी बंदुका घेऊन ओळीने उभे होते.

पंत पालखीतून उतरून धावत पुढे आला. त्याचे पागोटे सुटले होते. "हवालदार, हे ठरल्याप्रमाणे नाही. मी बेलभंडार उचलला आहे."

"पंत, आपण वयोवृद्ध आहात," जानराव शांतपणे म्हणाला. "आपली वकिली सांतेवच्या धक्क्यावर संपली. बंदी किल्ल्यावर जातील. सरसुभेदारांना आम्ही कळवू."

"मग माझा शब्द?"

"तो आपण दिलात. मी दिला नाही."

मागे तटावरून कप्तानाने काहीतरी विचारले. अंतरामुळे शब्द पोचले नाहीत, नुसता स्वर पोचला. दुल्बा जागच्या जागी उभा राहिला. त्याने देसायाकडे पाहिले. देसायाचे डोळे मिटलेले होते. गोमाई मात्र दुल्बाकडेच पाहत होती, रागाने नव्हे, तर अडलेल्या बाईच्या उशाशी बसून वाट पाहावी तसे.

आणि तेव्हा, ज्याच्या घराण्याने दोन पिढ्या दुसऱ्यांचेच शब्द उच्चारले, त्या दुल्बा शेणव्याने आपले स्वतःचे शब्द उच्चारले. हवाली केल्याचे वाक्य त्याने म्हटलेच नाही. तो पाण्यात दोन पावले पुढे गेला आणि हेटकऱ्यांच्या साऱ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला:

"मेढेकोटच्या गड्यांनो, ऐका. तुमचा किल्लेदार ज्या दिंडीत मारला गेला ती दिंडी याने उघडली. हा जो घोड्यावर बसला आहे, याने. ही बाई तिथे वार पुरत होती. हिने पाहिले. म्हणून हिला मागितली आहे, आणि म्हणून ही सरसुभेदारांपर्यंत पोचायची नाही. पंत, तुम्हीही ऐका, आणि जेथे सांगायचे तेथे सांगा."

ओळीत एकही बंदूक हलली नाही. जानरावाचा चेहराही बदलला नाही. तो एवढेच म्हणाला, "फिरंग्याचे मीठ खाणारा बोलतो आहे."

तेवढ्यात ओळीतून एक म्हातारा हेटकरी एक पाऊल पुढे आला. त्याचे नाव सटवाजी. त्याची तिन्ही मुले गोमाईच्याच हातांवर जन्मली होती. त्याने खालच्या आवाजात विचारले, "गोमाई, हे खरं?"

'नाही' म्हटले असते तर कदाचित ती वाचलीही असती. जानराव तिच्याकडे पाहत होता. त्याच्या नजरेत धमकीपेक्षा वाट पाहणे अधिक होते.

"खरं, सटवाजी," ती म्हणाली. "मी बघितलंय."

सटवाजी तसाच उभा राहिला. त्याने मागे वळून सोबत्यांकडे पाहिले. प्रत्येकाचे घर किल्ल्याच्या माचीवर होते, बायकामुले तटाच्या आत होती, आणि किल्ल्याच्या किल्ल्या जानरावाच्या कमरेला होत्या. कोणी वर पाहिले नाही. सटवाजीचे पुढे टाकलेले पाऊल काही वेळ तेथेच राहिले, आणि मग त्याने ते मागे घेतले.

तटावर कप्तान दों जुवांव अस्वस्थ झाला होता. दुभाषी ओरडत होता, वकील हातवारे करीत होता, आणि काय चालले आहे ते सांगू शकणारा एकुलता एक माणूस तोच होता, जो तिकडे पाण्यात उभा राहून मराठीत बोलत होता. कप्तानाने शेजारच्या शिपायाला विचारले, त्याने पुढच्याला विचारले. कोणालाच त्यातले अक्षर कळत नव्हते. 'देसायासाठी गयावया करतो आहे,' असे कोणीतरी म्हणाले, आणि ते खरे वाटण्याजोगे होते. इगर्जीच्या पायऱ्यांवरून कोणाचे तरी पोर रडत होते. ओहोटी संपून पाणी चढू लागले होते. दांडी बुडाली की सुपुर्दगी पुढे पडणार आणि पडावही तेथेच राहणार. कप्तानाने छातीवर क्रूस काढला आणि दुल्बाच्या हाताची वाट न पाहता ताशा वाजवण्याची खूण केली.

ताशा वाजला. फिरंगी शिपाई माघारी वळले.

दुल्बा धावत गोमाईच्या पुढे उभा राहिला. दोन हेटकऱ्यांनी त्याला बंदुकीच्या दस्त्याने बाजूला सारले. तो पाण्यात पडला, उठला, पुन्हा पुढे गेला, पुन्हा पडला. हरबाजीपंताने जानरावाच्या घोड्याचा लगाम धरला. जानरावाने तो हळूच, मानाने, त्याच्या बोटांतून सोडवून घेतला. गोमाईच्या हातांना दोरी बांधली जात होती तेव्हा ती दुल्बाला म्हणाली, "शेणवीबाबा, माघारी फिरा. पाणी वाढतंय."

देसाई मुकाट्याने तिच्या शेजारी चालू लागला. पलीकडच्या वळणावरून पडावांची शिडे दिसू लागली, आणि सांतेवच्या धक्क्यावर लोकांचा एकच आनंदाचा गलबला उठला.

किल्ल्यावर पोचल्यावर देसायाची चौकशी झाली, आणि चोरदिंडी उघडल्याचा आरोप त्याच्यावर ठेवून त्याला कड्यावरून लोटून देण्यात आले. त्याने तो आरोप नाकारला नाही, असे जानरावाने वर कळवले. तो काय बोलला आणि काय नाही, हे ऐकलेल्यांपैकी कोणीही पुढे सांगितले नाही. गोमाईला लगेच मारणे जानरावाला जमले नाही, कारण दांडीवरचे शब्द चाळीस माणसांनी ऐकले होते. तिला अंबारखान्यात कोंडले. पाणी न्यायला सटवाजी जाई. तिने त्याला सुटकेबद्दल कधी विचारले नाही. माचीवर कोणाची सून कितव्या महिन्यात आहे, एवढेच ती विचारी, आणि काय करावे काय करू नये ते त्याच्याजवळ सांगून पाठवी. दसऱ्याच्या आत ती गेली. ताप आला होता, असे म्हणतात.

हरबाजीपंत मात्र गप्प बसला नाही. त्याने पागोटेही न बांधता थेट सरसुभेदारांचे ठाणे गाठले, पण भेट मिळाली ती दसरा उलटल्यावर. तेव्हा त्याने जे ऐकले ते अक्षरशः सांगितले. सरसुभेदारांनी ते शांतपणे ऐकून घेतले. ते न्यायी म्हणून ख्यात होते.

"पंत, आपण खोटे बोलत नाही हे मी जाणतो," ते म्हणाले. "पण साक्षीदार बाई आता नाही, देसाई नाही, आणि राहिला तो फिरंग्याचा चाकर. हबशाचे आरमार पुन्हा समुद्रात उतरले आहे. अशा वेळी खाडीच्या तोंडावरच्या किल्ल्याचा हवालदार फितुरी होता असे मी जाहीर केले, तर फौजेत कोण कोणावर भरवसा ठेवील? आपण थकला आहात. घरी जाऊन विश्रांती घ्यावी."

पंतांना उत्तम वस्त्रे मिळाली आणि वकिली गेली. जानराव पुढल्या वर्षी याहून मोठ्या किल्ल्यावर गेला.

दुल्बा शेणव्याला मात्र कोणी काही केले नाही. करार मोडू पाहिला म्हणून त्याला घालवून द्यावे असे कप्तानाच्या मनात आले होते. पण दुसरा दुभाषी नव्हता. म्हणून तो तसाच राहिला, पूर्वीसारखाच दोघांच्या मध्ये उभा राहू लागला, पूर्वीसारखेच दुसऱ्यांचे बोलणे स्वच्छ सांगू लागला.

एका दुपारी, काही महिन्यांनंतर, दिवाणखान्यात दोघेच असताना कप्तानाने विचारले, "दुल्बा, त्या दिवशी दांडीवर तू काय म्हणत होतास?"

"आता ऐकून काय कराल, साहेब?"

"तरी सांग."

दुल्बाने सांगितले. वार पुरणे, चोरदिंडी, किल्ली, ओळीने उभे असलेले हबशी, आणि सटवाजीचा प्रश्न. एकही शब्द वगळला नाही, एकही वाढवला नाही. कप्तान टेबलावर तळवे टेकून ऐकत होता. बाहेर कोठारापाशी भाताची पोती उतरत होती आणि हमाल एकमेकांना हाका मारीत होते.

मग कप्तान म्हणाला, "तेव्हा कळले असते तर मी ताशा थांबवला असता, असे तुला सांगावेसे वाटते." त्याने बाहेरच्या पोत्यांकडे पाहिले. "पण नसता थांबवला."

दुल्बाने मान लववली. हे वाक्य दुसऱ्या कोणाला समजावून द्यायचे नव्हते. ते त्याच्या एकट्यासाठीच बोलले गेले होते, आणि त्याला ते पुरते समजले होते.